जर-अखेर की नुसते अखेर? गोटू, बाहेर पडणे आणि गट बंद करणारे शब्द

बोरीकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी अमळनेर परिसरात शिकवतो आणि गेले काही महिने आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठी शब्दांची एक लहानशी प्रोग्रामिंग भाषा रचतो आहे. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला पहिलाच प्रोग्राम लिहिताना इंग्रजी स्पेलिंगशी झुंजावे लागू नये, एवढाच हेतू आहे. चल (म्हणजे किंमत साठवणारी नावे), गणित, छापणे इथपर्यंत काम सुरळीत झाले. अडलो ते दोन ठिकाणी: सुरू केलेला गट (म्हणजे एखाद्या अटीखाली किंवा फेरीत एकत्र चालणाऱ्या ओळी) कोणत्या शब्दाने बंद करायचा, आणि तो पूर्ण होण्याआधीच त्यातून निघायचे असेल तर कोणत्या शब्दाने निघायचे.

महिरपी कंस वापरावेत, असे पहिल्यांदा वाटले होते. परंतु आमच्या संगणककक्षात मुले इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकतात आणि तिथे त्या कंसांच्या कळांवर ढ आणि ञ ही अक्षरे आहेत. कंसासाठी दर वेळी कळफलक बदलणे मुलांना जमेल, पण ते शिकवण्यात तास जातो. पायथनसारखे नुसत्या समासावर अवलंबून राहावे, तर मुले एकमेकांना प्रोग्राम मोबाइलवरून पाठवतात आणि त्या प्रवासात ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा बऱ्याचदा गळून पडतात. म्हणून शब्दाने बंद करणे, एवढे ठरले आहे.

अल्गोल ६८ या भाषेत 'इफ' उलटे लिहून 'फाय' झाले आणि 'केस' उलटून 'इसॅक' झाले. तसे करून पाहिले. 'जर' उलटले की 'रज' होते आणि तो धूळ या अर्थाचा नेहमीचा शब्द असल्याने मुले गोंधळतात. 'निवड' उलटायला गेलो, तर अक्षरे उलटवल्यास 'डवनि' होते आणि संगणकात साठवलेली चिन्हे एकेक करून उलटवल्यास वेलांटी भलत्या अक्षराला चिकटून 'डविन' होते. देवनागरीत स्वरचिन्ह व्यंजनाला धरून असते, त्यामुळे 'उलटे' म्हणजे नेमके काय, इथूनच वाद सुरू होतो. तो मार्ग सोडला.

आता निवड 'अखेर' आणि 'जर-अखेर' यांत आहे. शिवाय गोटू, म्हणजे प्रोग्राममध्ये कुठूनही कुठेही उडी मारण्याचा आदेश, द्यावे की देऊ नये, हेही ठरवायचे आहे. आपली मते सविस्तर लिहावीत, ही विनंती.

काटा_पावती

बोरीकाठ सर, काम मनापासून आवडले. मी धुळ्याचा. जिनिंग, डाळ मिल आणि आडत यांच्यासाठी वीस-बावीस वर्षे फॉक्सप्रो या भाषेत प्रोग्राम लिहिले. त्या अनुभवावरून सांगतो, की नुसते 'अखेर' ठेवू नका.

फॉक्सप्रोमध्ये इफचा (अटीचा) शेवट एंडइफ, डू व्हाइलचा (फेरीचा) एंडडू, नोंदींवरून फिरणाऱ्या स्कॅनचा एंडस्कॅन आणि अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या डू केसचा एंडकेस असा वेगवेगळा असे. शिवाय एंडइफ किंवा एंडडूच्या पुढे त्याच ओळीवर काहीही लिहिले, तरी भाषा तिकडे दुर्लक्ष करी. त्यामुळे आम्ही तिथे अट पुन्हा लिहून ठेवत असू: 'एंडइफ ओलावा जास्त', 'एंडडू पावत्या संपेपर्यंत'. तीन-चारशे ओळींची पावती छापणारी फाइल दोन हंगामांनंतर उघडली, तरी कोणता एंडइफ कोणाचा हे बोट ठेवून सांगता येत असे.

परंतु त्या सोयीत एक उणीव होती आणि ती तुम्ही जरूर दूर करा. भाषा तो पुढचा मजकूर वाचतच नसल्याने तो खोटा असला तरी तिला कळत नसे. मधली एक अट बदलली आणि शेवटी लिहिलेली जुनी अट तशीच राहिली, तर वाचणारा फसतो. जे नाव शेवटी लिहायचे, ते कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम वाचून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाने, तपासले पाहिजे.

तोरणमाळ

मी नंदुरबारहून लिहितो आहे. काटा_पावती भाऊंच्या मुद्द्याला एक जोड देतो.

आपल्याकडे गट नावाने बंद करण्याची पद्धत संगणकाच्या फार आधीपासून आहे. कोणतीही जुनी पोथी उघडा. अध्यायाच्या शेवटी नुसते 'संपले' असे नसते. 'इति' म्हणून ग्रंथाचे नाव येते, कितवा अध्याय ते येते आणि मग समाप्ती येते. सुट्या पानांची पोथी विस्कटली, तर पाने लावणाऱ्याला त्या ओळीचाच आधार असतो. प्रोग्रामचेही तेच आहे, कारण दुरुस्ती करणारा माणूस वरून खाली क्रमाने वाचत येत नाही. तो मधेच कुठेतरी उतरतो आणि आपण कोणत्या गटात उभे आहोत हे शोधत असतो.

त्यामुळे माझे मत 'जर-अखेर' आणि 'फेरी-अखेर' यांना आहे (फेरी म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा गट, इंग्रजीत लूप). फेरीला नाव दिले असेल, तर शेवटी तेच नाव सक्तीचे करावे. एडा या भाषेत असेच आहे. इफ 'एंड इफ'ने मिटतो, लूप 'एंड लूप'ने मिटतो, आणि लूपला नाव दिले असेल तर 'एंड लूप'नंतर ते नाव लिहावेच लागते. ते चुकले तर प्रोग्राम पुढे जातच नाही.

जंक्शन

नमस्कार. मी भुसावळचा आणि सी भाषेत काम करतो. बंद करणाऱ्या शब्दांबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, पण मला काळजी गोटूची वाटते. मुलांच्या भाषेत ते येऊच नये. संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ सालीच ते घातक असल्याचे लिहून ठेवले आहे. त्यानंतरही ॲपलच्या फोनमध्ये काय घडले, ते २०१४ च्या फेब्रुवारीत उघड झाले: 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली, सुरक्षित जोडणीतील सहीची तपासणीच ओलांडली गेली आणि खोटी सही खरी ठरू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

गिरणाई

मी जळगावला अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते. जंक्शन दादा, तुमची काळजी रास्त आहे, परंतु ॲपलच्या उदाहरणाचा दोष गोटूच्या माथी मारणे मला पटत नाही. ते जरा नीट पाहू.

सी भाषेत इफच्या पुढे एकच विधान असेल, तर कंस घातले नाहीत तरी चालते. त्या फाइलमध्ये इफच्या अटीखाली 'गोटू फेल' ही ओळ होती आणि तिच्याखाली तीच ओळ, तेवढाच समास सोडून, पुन्हा आली होती. डोळ्यांना दोन्ही ओळी अटीच्या आत दिसतात. कंपायलरच्या दृष्टीने मात्र पहिलीच आत आहे आणि दुसरी बाहेर, म्हणजे बिनशर्त. ती प्रत्येक वेळी चालली, पुढची तपासणी राहून गेली, आणि चूक झाली की नाही हे सांगणारा क्रमांक तोपर्यंत शून्यच असल्याने सर्व ठीक आहे असे उत्तर मिळाले. आता तिथे गोटूऐवजी 'रिटर्न' लिहिले असते तरी परिणाम हाच झाला असता. उलट त्या भाषेत इफ 'एंड इफ'नेच बंद करण्याची सक्ती असती, तर दोन्ही ओळी अटीच्या आत राहिल्या असत्या आणि दुसरी ओळ निरुपद्रवी ठरली असती. सहीची तपासणी बुडाली ती गट कुठे संपतो हे न लिहिल्यामुळे.

डाइक्स्ट्रा यांच्या पत्राबद्दलही थोडे. ते 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'च्या मार्च १९६८ च्या अंकात आले. त्याला दिलेले 'घातक' हे गाजलेले शीर्षक त्यांचे स्वतःचे नव्हते. ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिले होते. पत्रातील मूळ युक्तिवाद शीर्षकापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. चालू प्रोग्राम एखाद्या क्षणी कुठे पोहोचला आहे हे आपल्याला सांगता आले पाहिजे. नुसती क्रमाने येणारी विधाने असतील, तर ओळीचा क्रमांक पुरतो. फेरी असेल, तर ओळीबरोबर कितवी फेरी चालू आहे हेही सांगावे लागते. एका गटातून दुसरा गट बोलावला असेल, तर कुठून बोलावला ते सांगावे लागते. हा पत्ता हाताशी असला की त्या क्षणी कोणत्या चलात काय आहे, याबद्दल निश्चित विधान करता येते. कुठूनही कुठेही उडी मारण्याची मुभा दिली की हा पत्ता अर्थहीन होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आता या कसोटीला गटातून बाहेर पडणे लावून पाहा. बाहेर पडणारे विधान फक्त पुढेच जाते, आणि तेही ज्याच्या आत आपण उभे आहोत त्याच गटाच्या अखेरीशी. ते मागे येत नाही, दुसऱ्याच्या फेरीत मधूनच शिरत नाही. पत्ता शाबूत राहतो. म्हणून गोटू आणि गट सोडणे यांना एकाच पारड्यात टाकू नये, असे मला वाटते.

बोरीकाठ

ताई, फार उपयोगी लिहिलेत. म्हणजे गोटू न देता 'सोड' द्यावे. पण मग ते एकाच फेरीतून बाहेर काढणारे असावे की कितीही फेऱ्यांतून? मुलांसाठी साधे ठेवावे, म्हणून मी आतल्या एकाच फेरीपुरते ठेवणार होतो.

काटा_पावती

सर, ते साधे वाटते पण साधे नाही. माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो.

एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी पहिल्यांदा फॉक्सप्रो सोडून सीमध्ये प्रोग्राम लिहिला. दिवसभराच्या नोंदी एका ठरावीक लांबीच्या फाइलमध्ये जात. रोज नवी फाइल न करता तीच वरून भरत असू, आणि त्या दिवसाची शेवटची नोंद झाली की 'दिवस-अखेर' अशी खुणेची नोंद पडे. त्या खुणेच्या पुढे आदल्या एखाद्या दिवसाच्या जुन्या नोंदी तशाच पडून असत, म्हणून खूण दिसताच वाचणे थांबवणे आवश्यक होते. फॉक्सप्रोमध्ये डू केसच्या आत 'एक्झिट' लिहिले की ते केसमधून नव्हे, तर त्याभोवतीच्या फेरीतून बाहेर काढते, आणि माझ्या हाताला तेच वळण होते. सीमध्ये मी स्विचच्या, म्हणजे तिथल्या डू केसच्या, आत 'ब्रेक' लिहिला. तिथे तो फक्त स्विचमधून बाहेर काढतो. फेरी चालूच राहिली आणि आदल्या दिवसाच्या गाड्या त्या दिवसाच्या बेरजेत आल्या. दिवाणजींनी हाताने लिहिलेली वही शेजारी ठेवली होती, म्हणून त्याच संध्याकाळी चूक सापडली. ती वही नसती, तर शेतकऱ्यांच्या हिशेबात घोळ झाला असता, आणि ते आठवले की आजही मला चैन पडत नाही.

तेव्हा 'सोड' असे मोकळे ठेवू नका. काय सोडायचे ते त्या ओळीवरच लिहायला लावा.

जंक्शन

भाऊ, आपल्या अनुभवासारखीच एक प्रसिद्ध घटना आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे ९ तास विस्कळीत झाले होते. मुळाशी सी भाषेतील एक 'ब्रेक' होता. तो स्विचच्या आतील इफमध्ये बसला होता आणि लिहिणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच गटातून बाहेर काढत होता. एक यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की शेजारच्या यंत्राला निरोप देई, तो निरोप हाताळताना शेजारचे यंत्र बंद पडे, आणि हे जाळेभर पसरत गेले.

मी गोटूविरुद्ध आग्रहाने लिहिले होते. आता असे दिसते, की बिननावाचा ब्रेक हाही तितकाच तपासून पाहायला हवा.

गिरणाई

बोरीकाठ सर, एकाच पातळीपुरत्या 'सोड'बद्दल एक निश्चित निष्कर्ष उपलब्ध आहे. क्रम, अट आणि फेरी या तिन्हींवर कोणताही प्रोग्राम मांडता येतो, हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ साली दाखवले होते. परंतु त्यांच्या रीतीत मुळात नसलेले जादा चल घालावे लागतात. पुढे राव कोसराजू यांनी दाखवले, की जादा चल घालायचे नसतील, तर कितीही पातळ्यांतून बाहेर पडण्याची सोय असावी लागते. तेवढी असली की गोटू टाळता येते. म्हणजे एका पातळीची मुभा देऊन आपण मुलांचे काम सोपे करत नाही, तर त्यांना झेंडे उभारायला लावतो: 'सापडले = खोटे', मग आत 'सापडले = खरे', मग प्रत्येक फेरीच्या अटीत 'आणि सापडले नाही'.

एक उदाहरण करून पाहू. तालुक्यांच्या ओळी आणि आठवड्याच्या सात दिवसांचे रकाने असा पावसाचा तक्ता आहे. संपूर्ण आठवडा कोरडा गेलेला पहिला तालुका शोधायचा आहे. सरांच्या भाषेत ते असे लिहिता येईल:

फेरी तालुका : त = १ ते १५
  फेरी दिवस : द = १ ते ७
    जर पाऊस[त, द] > ० तर
      तालुका पुढे
    जर-अखेर
  दिवस-अखेर
  उत्तर = त
  तालुका सोड
तालुका-अखेर

'तालुका पुढे' म्हणजे हा तालुका पुरे, पुढचा घ्या. 'तालुका सोड' म्हणजे शोधच थांबवा. एकही झेंडा लागला नाही. नेमक्या अशाच कोड्यावरून, म्हणजे तक्त्यातील सर्व शून्यांची ओळ शोधण्यावरून, १९८७ साली फ्रँक रुबिन यांनी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'लाच पत्र लिहून गोटूची बाजू मांडली होती आणि पुढे पुष्कळ वाद झाला. त्यांना जे हवे होते, त्यातले बहुतेक नाव दिलेल्या फेऱ्यांनी मिळते. जावाने १९९५ मध्ये हाच मार्ग धरला: गोटू हा शब्द राखून ठेवला पण वापरू दिला नाही, आणि ब्रेक व कंटिन्यू (म्हणजे आपले 'सोड' व 'पुढे') यांना नाव जोडण्याची सोय दिली.

तोरणमाळ

ताईंच्या उदाहरणात मला सर्वांत आवडले ते हे, की 'तालुका सोड' मराठी वाक्यासारखे वाचता येते. इंग्रजीत क्रियापद आधी आणि नाव नंतर येते. आपल्याकडे नाव आधी आणि क्रियापद शेवटी. त्यामुळे ओळ सुरू होतानाच काय सोडायचे ते वाचणाऱ्याला कळते. एडामध्ये 'एक्झिट' आधी येतो आणि 'व्हेन' लावून अट मागून येते. मराठीत 'सापडले तर तालुका सोड' हाच क्रम नैसर्गिक आहे आणि एवढ्यासाठी संपूर्ण 'जर … जर-अखेर' लिहायला लावू नये. एका ओळीच्या या रूपाला परवानगी द्यावी, अशी सूचना करतो.

जंक्शन

त्या सूचनेने गिरणाई ताईंनी दाखवलेला ॲपलचाच धोका परत येणार नाही का? एका विधानाची अट बंद न करता सोडणे हेच तर तिथे झाले होते.

तोरणमाळ

आपली शंका योग्य आहे. मी असे सुचवतो, की हे रूप फक्त 'सोड' आणि 'पुढे' यांच्यापुरतेच असावे, ते एकाच ओळीवर संपावे आणि त्या ओळीवर 'जर' हा शब्द येऊच नये. 'जर' दिसले की 'जर-अखेर' हवेच. खालच्या ओळीवर काही जोडण्याची वाटच राहत नाही.

काटा_पावती

आणखी एक गोष्ट. एकाच शब्दाने अनेक गट बंद करण्याची सोय कधीही देऊ नका, मुलांनी कितीही मागितली तरी. जुन्या फोरट्रानमध्ये दोन-तीन फेऱ्या एकाच क्रमांकाच्या 'कंटिन्यू' या शेवटच्या ओळीवर संपवता येत. बेसिकमध्ये 'नेक्स्ट जे, आय' असे लिहिता येई. पीएल-वन मध्ये बाहेरच्या गटाचे नाव घेऊन 'एंड' म्हटले की आतले उघडे राहिलेले सगळे आपोआप मिटत. टंकायला कमी लागे हे खरे, पण आतला एखादा गट बंद करायचा राहून गेला असेल, तर तो विसर कायमचा झाकला जाई. कोबोलमध्ये तर पूर्णविराम हाच शेवट होता आणि एक टिंब उघडे असलेले सर्व इफ एका झटक्यात बंद करी. टिंब चुकून एक ओळ वर पडले, तर खालची ओळ अटीबाहेर जाई, आणि छापील कागदावर ते टिंब शोधताना डोळे दुखत. १९८५ च्या मानकात 'एंड-इफ' आल्यावर कुठे सुटका झाली. त्याच कोबोलमध्ये 'एक्झिट' हे विधान स्वतः काहीच करत नसे. ते फक्त परिच्छेदाच्या शेवटी उभे राहण्याची जागा होती. त्या नावामुळे नव्या मुलांचा फार गैरसमज होई. शब्द जे म्हणतो, तेच त्याने करावे.

गिरणाई

काटा_पावती भाऊंच्या या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मात्र प्रत्येक 'जर'ला स्वतंत्र अखेर सक्तीची केली की एक अडचण निर्माण होते. पाच पर्याय एकामागून एक तपासायचे असतील, तर 'नाहीतर'च्या आत नवा 'जर', त्याच्या 'नाहीतर'मध्ये आणखी एक, असे होऊन शेवटी पाच 'जर-अखेर' एकाखाली एक येतात. म्हणूनच असा शेवट सक्तीचा करणाऱ्या भाषांना एक जोडशब्द लागला: अल्गोल ६८ मध्ये 'एलिफ', एडा आणि मोड्युला-२ मध्ये 'एल्सिफ'. आपल्याकडे 'नाहीतर जर' असे दोन सुटे शब्द ठेवले, तर तो जुन्याच गटाचा पुढचा पर्याय आहे की नवा गट सुरू झाला, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. एकच शब्द हवा. मला 'अन्यथा-जर' बरा वाटतो, पण मुलांच्या बोलण्यातला आणखी सोपा शब्द असेल तर तो घ्यावा.

एक बाब राहिली. 'तालुका-अखेर' ओलांडल्यावर आपण शोध लागल्यामुळे बाहेर आलो की तक्ता संपल्यामुळे, हे उदाहरणात कळत नाही. पायथनने यासाठी फेरीला 'एल्स' जोडला, पण माझ्या अनुभवात विद्यार्थी त्याचा अर्थ हमखास उलटा लावतात. १९७४ मध्ये चार्ल्स झान यांनी फेरीतून बाहेर पडण्याच्या कारणांना नावे देण्याची आणि फेरीनंतर प्रत्येक कारणाचे काम वेगळे लिहिण्याची रचना मांडली होती. त्याच वर्षी डोनाल्ड क्नुथ यांनी गोटूवरील आपल्या दीर्घ लेखात तिचे कौतुक केले होते. सरांनी निदान 'तक्ता संपला तर' एवढा एक भाग 'तालुका-अखेर'च्या आधी लिहिण्याची सोय द्यावी.

बोरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोटू देत नाही. 'सोड' आणि 'पुढे' यांच्याआधी फेरीचे नाव सक्तीचे केले आहे, फेरी एकच असली तरीही. तोरणमाळ यांचे एका ओळीचे रूप घेतले आहे. ताईंचा 'तक्ता संपला तर' हा भाग घेतला आहे. शब्द मात्र 'संपल्यावर' असा ठेवला, कारण मुलांना तो न समजावता कळला. 'अन्यथा-जर' मुलांना जड गेला. त्यांनी स्वतःच 'नाहीतरजर' असे जोडून लिहायला सुरुवात केली, तेव्हा तोच स्वीकारला.

काल नववीच्या वर्गात पावसाचाच तक्ता दिला होता. एका मुलीने दोन अखेरींची अदलाबदल केली आणि पडद्यावर हा निरोप आला: 'ओळ ८: येथे तालुका-अखेर लिहिले आहे, पण ओळ २ वर सुरू झालेली दिवस ही फेरी अजून उघडी आहे.' तिने मला न बोलावता ओळ २ वर बोट ठेवले, तिथून खाली आली आणि चूक दुरुस्त केली. निरोपात दोन्ही ओळींचे क्रमांक देण्याचे काम मी कालपर्यंत पुढे ढकलत होतो. आता उरलेल्या सर्व निरोपांत तेच करायला घेतले आहे.